पिवळं पान शेंड्याचं की बुडाचं? नागपुरातल्या पहिल्या प्लांटेड टँकमधली झाडं वाचवताना

मागच्या मे महिन्यात शेजारची अकरावीतली मुलगी एक ओलं पान तळहातावर घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "काका, झाडं पिवळी पडून राहिली. काय टाकू?" मी विचारलं, "हे पान शेंड्याचं आहे की बुडाशी होतं?" तिला आठवेना. मग आम्ही दोघं तिच्या दोन फुटी, झाडं लावलेल्या फिश टँकपुढे जाऊन बसलो. अर्धा तास काहीही न टाकता नुसतं बघत होतो. त्या दिवशी जे ज्या क्रमाने बघितलं, साधारण त्याच क्रमाने इथे सांगतो. नवीन माणसाचा टँक बिघडतो तो बहुतेक वेळा "काय टाकू" हा शेवटी विचारायचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला म्हणून.

झाड मुळात पाण्यातलं आहे का?

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण इथेच बरेच रुपये वाया जातात. फिश टँकच्या दुकानात लकी बांबू, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, पीस लिली ही झाडं पाण्यात बुडवून विकायला ठेवलेली असतात. ही सगळी कुंडीतली झाडं. पूर्ण बुडवली तर महिना-दोन महिने हिरवी दिसतात, मग खालून कुजायला लागतात आणि पाणीही नासवतात. त्यांना कुठलंही खत वाचवत नाही. लकी बांबूची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवली तर तो छान जगतो. मनी प्लांटचंही तसंच. उलट टँकच्या कडेला टांगलेल्या मनी प्लांटची मुळं पाण्यातलं नायट्रेट भरपूर ओढून घेतात, म्हणून मी तो मुद्दाम लावतो.

पहिल्या टँकसाठी माझी निवड ठरलेली आहे: व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, वॉटर स्प्राइट, हॉर्नवर्ट, अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन. यातली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आपल्याच देशातली. बकोपा म्हणून विकतात त्यातली एक जात म्हणजे आपली ब्राह्मी. फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठावरून झाडं उपटून आणू नका. तलावातून आणलेल्या झाडासोबत चतुराच्या अळ्या येतात आणि त्या लहान मासोळ्या फस्त करतात.

नवीन झाड आठवडाभरात "विरघळलं" तर

नर्सरीत यातली बरीच झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पानं हवेसाठी बनलेली असतात, पाण्याखाली त्यांचा उपयोग उरत नाही. मग झाड ती सोडून देतं आणि पाण्याखालची नवी, पातळ पानं काढतं. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत जुनी पानं पारदर्शक होऊन गळत असतील आणि शेंड्याला किंवा बुंध्यात नवा हिरवा कोंब दिसत असेल, तर झाड मरत नाहीये. सडकी पानं कात्रीने कापून बाहेर काढा, नाहीतर पाणी खराब होईल. बाकी हात लावू नका.

क्रिप्टोकोरिन याबाबतीत फार नाजूक. जागा बदलली, पाणी बदललं, तापमान बदललं की सगळी पानं एकदम चिखलासारखी होतात. माझं पहिलं क्रिप्टो मी असंच मेलं समजून उपटलं. मुळं पांढरीशुभ्र होती. तेव्हापासून नियम केला आहे: मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर तीन-चार आठवडे थांबायचं. मुळं काळी, मऊ आणि वास मारत असतील तरच फेकायचं.

लावताना झालेली चूक

अनुबियास आणि जावा फर्नला एक आडवी जाड कांडी असते, तिच्यातून वर पानं आणि खाली मुळं फुटतात. तिला राइझोम म्हणतात. ही कांडी रेतीत पुरली की ती कुजते आणि पानं एकेक करून मुळातून निखळतात. नवशिक्यांच्या टँकमध्ये अनुबियास मरण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण. साध्या सुती शिवणाच्या दोऱ्याने कांडी दगडाला किंवा लाकडाला बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळं पकड घेतात. कुजलेला भाग दिसला तर धारदार ब्लेडने घट्ट हिरव्या भागापर्यंत कापा, उरलेली कांडी जगते. जावा फर्नच्या पानाखाली ओळीने तपकिरी-काळे ठिपके दिसले तर घाबरू नका. ती त्याची बीजाणूंची घरं आहेत, रोग नाही.

हायग्रोफिला, रोटाला अशी झाडं जुडीने मिळतात, बुडाशी रबर किंवा शिशाची पट्टी गुंडाळलेली असते. जुडी तशीच रोवली तर आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि रबराखाली त्या सडतात. जुडी सोडा, खालची दोन-तीन पेरांची पानं काढा आणि एकेक काडी बोटभर अंतरावर लावा. कुंडीत आलेल्या झाडाच्या मुळांभोवती पिवळट लोकर असते, तीही निवडून काढा.

तळाला दोन ते अडीच इंच रेती हवी. कन्हान नदीची रेती इथे बांधकामासाठी सहज मिळते. पाणी नितळ येईपर्यंत धुवून आणि बारीक चाळून घेतली तर मुळांना ती रंगीत गोट्यांपेक्षा बरी. पांढरे संगमरवरी तुकडे मात्र नकोत, ते हळूहळू विरघळून पाणी आणखी जड करतात. शंका असेल तर कोरड्या दगडावर लिंबू पिळा. फेस आला तर तो दगड टँकमध्ये जाणार नाही. कुंडीतली काळी माती किंवा शेणखत खाली घालायचा सल्ला कुणी दिला तरी पहिल्या टँकमध्ये ऐकू नका. काळी माती फुगून गाळ होते आणि शेणखतातून अमोनिया सुटतो.

आता ते पान: जुनं की नवं

इथे मात्र सावकाश बघा. झाडाला एखादं अन्नद्रव्य कमी पडलं की ते नव्या कोंबाला पुरवायला धडपडतं. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही चार द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाकडे नेऊ शकतं. म्हणून यांची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की हलत नाहीत. त्यांची टंचाई थेट शेंड्यावर दिसते. त्या मुलीला मी पहिला प्रश्न विचारला तो यासाठी.

जुनी पानं सगळीकडून सारखी पिवळी पडून गळत असतील आणि झाड थांबल्यासारखं झालं असेल, तर संशय नायट्रोजनवर. कमी मासोळ्या आणि भरपूर झाडं असलेल्या टँकमध्ये हे होतं. टेस्ट स्ट्रिपवर नायट्रेट शून्याजवळ दिसलं की खात्री पटते. झाडांसाठी १० ते २० पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) चांगलं.

जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं, छिद्राभोवती पिवळी कड आणि छिद्र हळूहळू मोठं होत जाणं हे पोटॅशियमचं लक्षण. हायग्रोफिला आणि जावा फर्नवर ते सगळ्यात आधी दिसतं. पण छिद्राची कड ताजी, हिरवी आणि फाटल्यासारखी असेल तर तुमच्या मासोळ्यांकडे बघा. गोल्डफिश कोवळी पानं मनापासून खातो, आणि काचेला चिकटणारा मोठा सकर मासा ॲमेझॉन स्वोर्ड या झाडाच्या रुंद पानांवरचा थर खरवडून पान जाळीदार करतो. गोल्डफिश ठेवायचाच असेल तर अनुबियास आणि जावा फर्न एवढंच लावा.

जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. नेमकं हेच चित्र शेंड्याच्या नव्या पानावर असेल, किंवा नवीन पान जवळजवळ पांढरटच फुटत असेल, तर लोह. नवं पान लहान, वाकडं, मुरडलेलं येत असेल तर कॅल्शियमवर संशय घ्यायचा, आणि पाणी कुठून येतं ते विचारायचं. फॉस्फरस कमी पडला तर वाढ खुंटते, पानं गडद होतात आणि जुन्या पानांवर, काचेवर हिरव्या ठिपक्यांचं घट्ट शेवाळ येतं.

यात एक फसगत आहे. दाट वाढलेल्या झुडपाच्या तळाशी उजेड पोहोचत नाही आणि खालची पानं त्यामुळेही गळतात. दोन पेरांमधलं अंतर लांब होऊन काडी वर धावत असेल तर आधी उजेडाकडे बघा, खताची बाटली मग.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा. खराब झालेलं पान पुन्हा बरं होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे फक्त उपायानंतर फुटलेलं पान सांगतं. त्यासाठी दहा ते पंधरा दिवस लागतात. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच वेळी मोबाईलने एक फोटो.

नागपूरचं पाणी

मुलीच्या टँकमध्ये दोन्ही गोष्टी होत्या: खालच्या पानांना छिद्रं, शेंड्याची पानं वाकडी. "पाणी कोणतं भरतेस?" तर म्हणाली, "आरओचं. बोअरचं खूप जड आहे ना, मासोळ्यांना चालत नाही म्हणाले दुकानात."

घोटाळा इथे होता. आरओ मशीन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून टाकतं. नुसत्या आरओवर झाडांची उपासमार होते आणि पीएचही एकाएकी खाली जाऊ शकतो. दुसऱ्या टोकाला आपलं बोअरचं पाणी बहुतेक वस्त्यांत इतकं जड असतं की दोन महिन्यांत काचेवर पांढरी रेघ उमटते. मधला मार्ग सोपा आहे. पेंच किंवा कन्हानचं नळाचं पाणी येत असेल तर तेच वापरा: २४ तास उघड्या बादलीत ठेवून, किंवा दुकानातलं क्लोरीन काढणारं औषध टाकून. फक्त बोअर असेल तर निम्मं आरओ, निम्मं बोअर. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचं मीटर असेल तर मी १५० ते २०० च्या आसपास ठेवतो. हा आकडा जडपणा नेमका सांगत नाही, पण दर आठवड्याला पाणी सारखं राहतंय का एवढं कळतं, आणि झाडांना तेच हवं. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी टँकमध्ये नको, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

तुमचं पाणी जडच असेल आणि मिसळायची सोय नसेल तर व्हॅलिस्नेरिया लावा. तिला जड पाणी मानवतं. पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ती कार्बन घेते, आणि त्यात कधी कधी पानांवर चुन्याचा खरखरीत पांढरा थर बसतो. तो रोग नाही, बोटाने पुसला जातो.

दुकानदार मासोळ्यांच्या आजारासाठी मीठ देतात. मासोळीचा इलाज वेगळ्या बादलीत करा. मीठ टँकमध्ये राहिलं की ते उडून जात नाही, आणि व्हॅलिस्नेरिया सोडली तर यातल्या बऱ्याच झाडांना ते जाचतं. "लिक्विड कार्बन" म्हणून मिळणारं द्रावण मात्र व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट दोघांनाही जाळतं. मी ते पहिल्या टँकसाठी सुचवतच नाही.

नवतपा आणि टँक

या झाडांना २२ ते २८ अंश पाणी आवडतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतला टँक ३३-३४ वर सहज जातो. तेवढ्या उष्णतेत झाडाचा श्वासावरचा खर्च वाढतो, उजेडातून होणारी कमाई पुरत नाही, आणि जावा फर्न तपकिरी पडतो, क्रिप्टो विरघळतं. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. रात्री झाडंही तोच वापरतात. म्हणून उन्हाळ्यात रात्रभर हवेचा पंप चालू हवा.

उपाय आपल्या घरातच आहे. टँकचं झाकण काढा आणि एक छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. कूलर ज्या तत्त्वावर खोली थंड करतो त्याच तत्त्वावर पाणी ३-४ अंशांनी उतरतं. मे महिन्याची आपली हवा कोरडी असते म्हणून हे इथे फार चांगलं चालतं. जुलैत, हवा दमट झाली की कूलरसारखाच हाही उपाय थकतो, पण तोवर पाऊस आलेला असतो. बर्फाच्या बाटल्या सोडू नका, तासातासाला होणारा चढउतार स्थिर उष्णतेपेक्षा वाईट.

फॅन लावला की दोन फुटी टँकमधून रोज एखादा लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. ही रोजची भर बोअरच्या पाण्याने घातली तर जूनपर्यंत टँकचं पाणी सुरुवातीपेक्षा कितीतरी जड झालेलं असतं आणि झाडं का रुसली ते कळत नाही. म्हणून रोजची भर आरओने, आणि आठवड्याचं एक चतुर्थांश पाणी बदलताना मात्र मिसळलेलं पाणी. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर उन्हाळ्यापुरती ही ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत पाणी २० च्या खाली गेलं तर वाढ मंदावते. ते आजारपण नाही, तेव्हा खत वाढवू नका.

खत: कृषी केंद्रातून, पण जपून

टँकसाठीच्या छोट्या बाटल्या चांगल्या असतात, पण महाग. संत्र्याच्या बागांना ठिबकमधून देतात ती पाण्यात विरघळणारी खतं आपल्याला चालतात. ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. १० ग्रॅम खत ५०० मिली आरओ पाण्यात विरघळवा आणि बाटलीवर नाव लिहा. दोन फुटी टँकमध्ये रेती सोडून साधारण ४५ लिटर पाणी असतं. त्यात २५ मिली ०:०:५० च्या द्रावणाने पोटॅशियम सुमारे साडेचार पीपीएमने वाढतं. २५ मिली १३:०:४५ ने नायट्रेट सुमारे साडेसहा आणि पोटॅशियम सुमारे ४ पीपीएमने. आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर, एवढं पुरे. लोहासाठी १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह ५ ग्रॅम ५०० मिलीत विरघळवून गडद बाटलीत ठेवा, आणि आठवड्यातून दोनदा ४ मिली द्या.

युरिया, डीएपी आणि १९:१९:१९ चुकूनही नाही. त्यातला नायट्रोजन पूर्ण किंवा बराचसा अमोनियाच्या वाटेने येतो, आणि आपल्या जड, अल्कली पाण्यात अमोनिया मासोळ्यांना लवकर मारतो. शेतीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं असतं, झिंगे पाळले असतील तर ते टाळा. स्वोर्ड आणि क्रिप्टो मुळांनी जेवतात, त्यांच्यासाठी बुंध्याजवळ रेतीत रूट टॅब (मुळांसाठीची खताची गोळी) पुरा.

उजेड आणि शेवाळ

१० ते १५ वॅटचा पांढरा एलईडी, ६५०० केल्विन लिहिलेला, दोन फुटी टँकला पुरतो. टायमर लावून सुरुवातीला सहा तास, महिनाभराने हवं तर आठ. निळे-गुलाबी शोभेचे दिवे झाडांना फारसे उपयोगी नाहीत. खिडकीतलं थेट ऊन नकोच.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत येणारं तपकिरी, पुसलं जाणारं शेवाळ आपोआप कमी होतं. हिरव्या धाग्यांचं शेवाळ जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा आणि उजेड दोन तासांनी कमी करा. पानांच्या कडेला काळे केस दिसले तर ती पानं कापा, त्या जागी पाणी फिरतंय का बघा. निळसर-हिरवी, घाण वासाची साय म्हणजे खरं तर जिवाणू. ती नळीने ओढून घ्या, टँक तीन दिवस चादरीने पूर्ण झाका, हवेचा पंप चालू ठेवा, मग निम्मं पाणी बदला. सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड पहिल्या वर्षी विसरा. वर सांगितलेली झाडं त्याशिवाय वाढतात.

मुलीच्या टँकचं पुढे काय झालं

आम्ही दोन्ही उपाय एकदम केले नाहीत. आधी पाणी. आठवड्याला एक चतुर्थांश याप्रमाणे निम्मं बोअर, निम्मं आरओ, आणि फॅन. तिसऱ्या रविवारच्या फोटोत शेंड्याची पानं सरळ आली होती, खालची छिद्रं मात्र वाढतच होती. मग ०:०:५० सुरू केलं. आणखी दोन रविवारांनी तिने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "काका, नवीन पानाले एकही छिद्र नाही."

तेव्हा मी तिला छाटणी शिकवली. हायग्रोफिलाचा वरचा वीतभर निरोगी शेंडा पेराच्या खाली कापायचा, खालची पानं काढून तो पुन्हा रेतीत रोवायचा, आणि छिद्रांची जुनी काडी उपटून टाकायची. जुलैपर्यंत तिच्याकडे शेंडे जास्त झाले. त्यातले सहा आज माझ्या टँकमध्ये मागच्या रांगेत आहेत.